सही जुळत नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज तुम्हाला पासवर्डचा इतिहास सांगायचा आहे. पण सुरुवात करतो एका सहीपासून, कारण मला स्वतःला या विषयात ओढलं ते त्या सहीनं.

१९९०च्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी मुक्त शिक्षणाच्या केंद्रावर रविवारी शिकवायला जात असे. मी गणिताचा, पण अशा केंद्रांवर माणसं कमी असतात, त्यामुळे आसपासच्या दोन-तीन केंद्रांच्या पायाभूत विषयाचे स्वाध्याय तपासण्याचं कामही माझ्या गळ्यात आलं होतं. परीक्षा मात्र सगळ्यांची आमच्याकडे. त्या दिवशी दारावर हॉल तिकीट आणि ओळखपत्र तपासायला मी उभा होतो. सूचना स्पष्ट होती : फोटो पाहा, सही करून घ्या, जुळली तरच आत सोडा. आदल्या वर्षी कुणाच्या तरी जागी कुणी तरी पेपर लिहून गेलं होतं, आणि त्याचा ठपका केंद्रावर आला होता.

चाळिशीच्या एक बाई आल्या. दुसऱ्या केंद्राच्या विद्यार्थिनी, त्यामुळे चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. अंगणवाडीत मदतनीस होत्या. सेविका व्हायचं तर शिक्षण हवं, म्हणून पूर्वतयारीपासून सुरुवात करून इथवर आलेल्या. हॉल तिकिटावरचा फोटो म्हणजे झेरॉक्सचा काळा डाग. राहिली सही. दोन वर्षांपूर्वी नोंदणीच्या वेळी केलेली सही म्हणजे एकेक अक्षर सुटं, काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे. आणि माझ्यासमोर त्यांनी केली ती झोकदार, एका दमात, शेवटी खाली रेघ ओढून. दोन्हींत साम्य म्हणावं तर फक्त नावाचं.

मी म्हटलं, "बाई, सही जुळत नाही. ओळखपत्रावर आहे तशी करा."

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "आता तशी येत नाही, सर."

पुढे काय झालं ते सांगतो, पण शेवटी. कारण त्या बाईंना दारात उभं करणारा प्रश्न फार जुना आहे. समोरचा माणूस तोच आहे, हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे याची उत्तरं पूर्वापार शोधली गेली आहेत. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळी, हे विसरलो आहोत. शिवकालीन पत्रात शिक्का असे माथ्यावर, पत्र कुणाकडून आलं ते सांगायला. मोर्तब असे मजकुराच्या अखेरीस, पत्र इथे संपलं हे सांगायला. मोर्तब झाली की तिच्याखाली कुणाला एक ओळही घुसडता येत नसे. म्हणजे पाठवणारा कोण आणि मजकूर जसाच्या तसा आहे का, या दोन प्रश्नांना दोन वेगळ्या मुद्रा. आजचे संगणकतज्ज्ञही हे दोन प्रश्न वेगळेच मानतात.

कागदाचं असं निभावलं. माणसाचं अवघड होतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा भाऊंना पाहिलेली माणसं पुण्यात जिवंत होती. चौकशा झाल्या, साक्षी झाल्या, तरीही त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. चेहरा पाहून ओळखणं वाटतं तितकं भरवशाचं नसतं. आणि ओळखणाऱ्याच्या मनात आशा असेल, तर मुळीच नसतं.

आता १८५८ या सालाकडे येऊ. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा एकमेकींशी तेव्हा काहीच संबंध नव्हता. लंडन विद्यापीठानं ठरवलं, की विद्यार्थी कोणत्या कॉलेजात बसला हे आम्ही विचारणार नाही; कुठंही शिका, परीक्षा आमची द्या, पदवी घ्या. दूरशिक्षणाची ही पहिली मोठी पायरी. आणि त्याच साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं रस्त्याच्या कामाचा माल पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा अख्ख्या पंजाचा ठसा करारनाम्याच्या मागे घेतला. उद्या हा ‘सही माझी नव्हेच’ म्हणाला तर, ही भीती. पुढे त्यातूनच १८९७ साली कलकत्त्याला जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग निघाला. त्या पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचं; तिचं गणित मांडणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय उपनिरीक्षक मात्र बराच काळ अंधारात राहिले. असो.

दूरशिक्षण पुढे टपालानं चाललं, रेडिओनं चाललं, दूरचित्रवाणीनं चाललं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. २००४ साली तर खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला गेला. शिकवणं असं आकाशात गेलं. परीक्षा मात्र बाकावरच राहिली. तिला दार होतं आणि दारात माझ्यासारखा कुणी तरी उभा होता. हे दार काढून टाकायची पाळी आली ती संगणकामुळे.

पासवर्डचा जन्म अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झाला. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवली. संगणक तेव्हा खोलीएवढा आणि किंमत डोळे पांढरे करणारी. त्यामुळे तो वाटून घेणं भाग होतं. पण वाटून घेतलं की आपली कागदपत्रं आणि दुसऱ्याची कागदपत्रं एकाच कपाटात आली. मग प्रत्येकाच्या खणाला वेगळं कुलूप हवं. कोर्बाटोंना सरळ उपाय सुचला : प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द. एवढीच त्याची जन्मकथा. शत्रू, हेर, चोर यातलं कुणी डोळ्यांपुढे नव्हतं. भीती होती ती शेजाऱ्याच्या लुडबुडीची.

आणि पहिला चोर निघाला घरातलाच. अ‍ॅलन शेर हा संशोधक विद्यार्थी. त्याला आठवड्याला चार तास संगणक मिळे आणि त्याच्या प्रयोगांना तेवढा पुरत नसे. १९६२च्या वसंत ऋतूत एका शुक्रवारी रात्री त्यानं एक पंच केलेलं कार्ड यंत्राला दिलं : अमुक फाइल छापून ठेव. त्या फाइलीत सगळ्यांचे पासवर्ड होते. शनिवारी सकाळी तो गेला आणि छापलेले कागद कपाटातून उचलून घेऊन आला. पुढे दुसऱ्यांच्या नावावर त्यानं आपलं काम उरकलं. याची कबुली दिली पंचवीस वर्षांनी, एका समारंभात. गंमत अशी, की त्याचं संशोधन होतं याच संगणकाच्या कामगिरीवर!

१९६६ साली तर चोराचीही गरज पडली नाही. संगणकावर काम सुरू करताना प्रत्येकाला त्या दिवसाची सूचना दिसत असे, आपल्या शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखी. एक कर्मचारी ती सूचना बदलत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचं नाव यंत्राच्या लेखी एकच. अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कुणी काम सुरू करी त्याच्यापुढे सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड ओळीनं छापले जाऊ लागले.

या दोन्ही प्रसंगांत दोष एकच होता : संगणकाला प्रत्येकाचा पासवर्ड ठाऊक होता. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी यावर विचार केला, की तो ठाऊक असायची गरजच काय? पासवर्ड अशा गणिती चरकातून काढायचा, की ऊस घातला तर रस निघावा, पण रसापासून पुन्हा ऊस करता येऊ नये. संगणकानं जपून ठेवायचा तो रस. माणूस आला, त्यानं पासवर्ड दिला, की पुन्हा तो चरकातून काढायचा आणि दोन रस ताडून पाहायचे. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८च्या पुस्तकात ही युक्ती छापून आली. मी गणित शिकवणारा माणूस; इतक्या साध्या कल्पनेनं इतकं मोठं काम केल्याची उदाहरणं मला फार सापडलेली नाहीत.

पण चरक कितीही चांगला असला तरी ऊस कुठला? १९७९ साली बेल लॅबच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लोक प्रत्यक्षात कसले पासवर्ड ठेवतात ते मोजलं. ३,२८९ पासवर्ड गोळा केले. त्यांत १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा, ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा. सहज हुडकता येतील असे एकूण ८६ टक्के. लक्षात घ्या, ही मंडळी अडाणी नव्हती. संगणकावर काम करणारी त्या काळची शहाणी माणसं होती. दोघांनी त्यावर उपाय म्हणून पासवर्डमध्ये प्रत्येकासाठी वेगळी अशी आणखी काही चिन्हं मिसळायला सांगितलं, आणि त्याला नाव दिलं मीठ! चिमूटभर मिठानं एकच पासवर्ड ४,०९६ प्रकारे साठवता येऊ लागला. दोघांचा पासवर्ड एकसारखा असला तरी साठवलेला रस वेगळा, त्यामुळे एकदा मेहनत करून सगळ्यांची कुलपं उघडण्याची सोय संपली. हे मीठ आजही वापरात आहे.

या मॉरिससाहेबांच्या घरात पुढे जे घडलं ते कादंबरीत वाचलं असतं तर मी लेखकाला नावं ठेवली असती. २ नोव्हेंबर १९८८ या दिवशी अमेरिकेतल्या इंटरनेटवर एक किडा सुटला. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरे, तिथं पासवर्ड ओळखून पाहण्यासाठी आधी माणसाचं नाव, मग तेच उलट्या अक्षरांत, मग सोबत आणलेल्या ४३२ शब्दांची यादी, असं करत पुढे सरके. हजारो संगणक ठप्प झाले. तो सोडणारा निघाला कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, त्याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. वडील त्या वेळी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. नुकसान करायचा हेतू नव्हता, हिशेब चुकला, असं मुलाचं म्हणणं. १९९० साली न्यायालयानं त्याला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. किडा त्यानं सोडला होता एमआयटीच्या संगणकातून, माग लागू नये म्हणून. पुढे तो त्याच एमआयटीत प्राध्यापक झाला.

आता शिक्षणाकडे परत येतो, कारण या इतिहासातला मला सर्वांत जवळचा भाग तिथंच आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची व्यवस्था होती. पुढे तिचे पडदे दूरदूरच्या शाळा-कॉलेजांत बसवले. अडचणी कळवण्यासाठी सगळ्यांना एक सामाईक फाइल दिली होती. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. खाली नाव घालणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कुणी तरी टवाळखोर अधूनमधून सगळीच फाइल पुसून टाकी. १९७३ साली डेव्हिड वुली या अवघ्या १७ वर्षांच्या मुलानं नवी व्यवस्था लिहिली : मजकुरासोबत लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख यंत्र स्वतःच घालील, आणि दुसऱ्याचं लिहिणं तिसऱ्याला बदलता येणार नाही. शिक्का आणि मोर्तब, दुसरं काय!

दुसरी गोष्ट पुन्हा एमआयटीचीच. १९८३ साली तिथं ‘अथेना’ प्रकल्प सुरू झाला. शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना आवारात कुठंही, कोणत्याही संगणकावर बसता आलं पाहिजे, ही कल्पना. पण जो संगणक कुणीही वापरतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? तारेवरून जाणारा पासवर्ड मध्येच कुणी ऐकला तर? नीडहॅम यांनी मायकेल श्रोडर यांच्याबरोबर १९७८ साली मांडलेल्या विचारावर तिथं ‘कर्बेरॉस’ ही पद्धत उभी राहिली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी तीन तोंडांचा कुत्रा बसतो, त्याचं हे नाव. यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. मध्यवर्ती संगणक तुमच्याकडे एक बंद पेटी पाठवतो; ती फक्त तुमच्या पासवर्डनंच उघडते, आणि आत ठरावीक तासांपुरतं तिकीट असतं. ते दाखवत दिवसभर हिंडा. जत्रेत एकदा खिडकीवर पैसे भरून पास घेतला, की प्रत्येक पाळण्यापाशी पाकीट काढावं लागत नाही, तसं. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनंही ही पद्धत उचलली. म्हणजे सकाळी कचेरीत संगणक सुरू करून नाव-पासवर्ड टाकणारे आपल्यातले कितीतरी जण विद्यार्थ्यांसाठी केलेली सोय वापरत असतात.

कोर्बाटो २०१९ साली गेले. त्याआधी पाच वर्षं एका मुलाखतीत त्यांनी कबूल केलं होतं, की इंटरनेटच्या जगात पासवर्ड हे दुःस्वप्न झालं आहे; स्वतःचे पासवर्ड ते कागदावर टिपून ठेवत. मला हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या घरी गहू-तांदळाच्या यादीमागे तेच आहे.

ज्ञानावर भरवसा नाही म्हणून जग पुन्हा शरीराकडे वळलं. आधार क्रमांकाचं वाटप सुरू झालं ते २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. हर्शेलनं कंत्राटदाराचा ठसा घेतला त्याला दीडशे वर्षं उलटून गेली होती. पण मातीत, सिमेंटमध्ये, भांड्यांच्या राखेत हात घातलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. २०२०च्या साथीत परीक्षेचं दारही गेलं. मुलं घरात बसून मोबाइलवर पेपर देऊ लागली, आणि कॅमेऱ्यातून चेहरा ओळखणाऱ्या, नजर हलली की नोंद करणाऱ्या प्रणालींचा बाजार वाढला. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याहून कमी. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्यातल्या एका प्रणालीत जवळजवळ ३५ टक्के. दारात कुणाला थांबावं लागतं, याचा हा हिशेब आहे.

आमच्या दारात थांबलेल्या त्या बाईंकडे येतो. पेपर सुरू झाला होता. दुसरं फोटोचं ओळखपत्र त्यांच्याकडे नव्हतं, गाव वीस किलोमीटरवर. मी वरिष्ठांना विचारायला माणूस पाठवला, तो परत येईना. त्या भिंतीला टेकून उभ्या, रडणं नाही, भांडण नाही. अर्ध्या तासानं त्याच म्हणाल्या, "सर, माझे स्वाध्याय तुम्हीच तपासलेत ना? त्यातलं काही विचारा."

मी नाव पुन्हा वाचलं, आणि आठवलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिलेला एक स्वाध्याय. दिवाळी झाली की आमची अंगणवाडी रिकामी होते, पाळणे तेवढे राहतात, अशा काहीशा वाक्यानं सुरू होणारा. मी विचारलं, "त्यात मी काय चूक काढली होती?"

"स्थलांतराचा ‘ल’ मी ‘ळ’ लिहिला होता. तुम्ही लाल पेनानं गोल केला होता."

मी त्यांना आत सोडलं. वाढीव वेळ देण्याचा अधिकार मला नव्हता. निदान तेव्हा तसं समजून मी गप्प राहिलो. प्रश्न विचारायचा आणि खऱ्या माणसालाच ठाऊक असेल असं उत्तर घ्यायचं, याला संगणकाच्या शास्त्रात मानाचं स्थान आहे, हे मला पुढे अनेक वर्षांनी पुस्तकात वाचताना कळलं. ते मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं होतं, हेही तेव्हाच जाणवलं. त्या पेपरात त्या सहा गुणांनी गेल्या. सेविकेची जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्या वर्षी तोच पेपर द्यायला त्या आल्या. दारात मीच होतो. या वेळी मी त्यांना ओळखत होतो. सहीचं काही नाही, जा आत, असं मी म्हणणार होतो. पण त्यांनी वही ओढून घेतली, पेन मुठीत धरलं आणि सावकाश सही केली. एकेक अक्षर सुटं, काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे. ओळखपत्रावर होती तशी, तंतोतंत.

"वर्षभर गिरवत होते, सर," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.